भैरोबाची पंचाईत

ईश्वरीच्या आरोग्यपत्रिकेवर लाल शाईनं 'वजन कमी' एवढं लिहून शाळेत आलेल्या तपासणी पथकाला थांबता आलं असतं. पण त्यांनी खाली शिक्काही उमटवला होता : 'पालकांनी लक्ष द्यावे.' वजनाचं दुःख रेश्माला नंतर झालं. आधी झोंबला तो शिक्का.

लक्ष देण्याखेरीज गेल्या अकरा वर्षांत तिनं दुसरं केलं काय होतं? ईश्वरीचे दात लवकर येईनात म्हणून तिनं संकष्टी धरली, खोकल्यासाठी गुरुवार धरला, पोरगी झोपेत दचकते म्हणून शनिवार. दात आले, खोकला गेला, दचकणं थांबलं. उपवास मात्र राहिले. पाहुणे चार दिवसांनी जातात, उपवासाचं तसं नसतं. गणितासाठी धरलेल्या सोमवाराचा गुण तर अजून यायचा होता. अशा बाईला एका रबरी शिक्क्यानं लक्ष द्यायला सांगावं, आणि तेही शाळेच्या फाटकात, बाकीच्या आयांच्या देखत!

सांगलीहून कुपवाडला जाताना डाव्या हाताला जी वसाहत लागते, तिथं त्यांचं घर. नवरा विश्वजित कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. त्यानं पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "एकोणतीस किलो सहाशे. बारीक आहे, पण चपळ आहे की."

"तुम्हाला चपळ दिसते. मला बरगड्या दिसतात."

सासूबाई रंगुबाई कोपऱ्यात शेंगा सोलत होत्या. त्यांचं मत वेगळंच. "आमच्या वक्ताला काय पोरांची वजनं करत हुते व्हय? पोरगं दिवस मावळायला घरी आलं, म्हंजे हाय, एवढंच बघायचं."

संध्याकाळी दिवा लावताना रेश्मानं डोळे मिटले. तिचं माहेर कोरेगावच्या अलीकडचं, आणि माहेरच्या भैरोबावर तिचा भारी जीव. ती मनातल्या मनात बोलली, "देवा, पोरीचं वजन वाढव. वाढलं की तिच्या वजनाइतका गूळ तुझ्या दारात वाटीन." हे तिनं कुणालाही सांगितलं नाही, कारण नवस फिटेपर्यंत बोलून दाखवायचा नसतो. हा नियम तिनं ईश्वरीलाही चौथीत असतानाच नीट समजावून दिला होता. पुढचा सगळा घोटाळा या एका चांगल्या संस्कारातून झाला.

दुसऱ्याच दिवशी ईश्वरी शाळेतून आली ती उड्या मारत. खेळाच्या मोहसीन सरांनी तिला जिल्ह्याच्या कुस्ती स्पर्धेसाठी निवडलं होतं. "तीस किलो गट, आई. महिन्यानं आहे. पण सर म्हणाले, पत्रिकेवर असा शेरा असला तर डॉक्टरचं 'फिट' म्हणून सर्टिफिकेट लागतं. नाहीतर नाव घेत नाहीत."

रेश्माला कुस्तीतलं फारसं कळत नव्हतं. तीस किलो गट म्हणजे निदान तीस किलो तरी पाहिजे, असं तिनं सरळ धरलं. खरं तर नियम उलटा होता. तीसच्या आत राहायचं, वर एक काटा गेला तरी तेहतीसच्या गटात रवानगी. आणि तेहतीसच्या गटात विट्याची ती मुलगी होती, जिनं मागल्या वर्षी ईश्वरीला वीस सेकंदांत पाठीवर झोपवलं होतं. हे रेश्माला कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. तिला हिशेब सोपा वाटला : चारशे ग्रॅम वाढवायचे, शेरा पुसायचा, पोरीला खेळवायचं. भैरोबाला एवढं काय अवघड?

देवावर भार टाकला तरी हातपाय हलवावे लागतातच. तिनं डिंकाचे लाडू वळले. श्रावणात डिंकाचे लाडू, म्हणजे उन्हाळ्यात स्वेटर घातल्यासारखं, पण प्रसंगच तसा होता. खारकेची पूड दुधात, नाचणीचं सत्त्व, भातावर तुपाची धार. शेजारच्या नूरजहां भाभी शिवणकाम करायच्या. त्यांनी मशीन थांबवून सल्ला दिला, "रात्री खजूर दुधात भिजव, सकाळी दे. आमच्या रुक्सारला तर काहीच न देता तब्येत आलीये बघ. परवाच युनिफॉर्मची शिवण सोडावी लागली मला."

रुक्सार ईश्वरीच्याच वर्गात, एकाच बाकावर. रेश्माला तिचा क्षणभर हेवा वाटला, मग तिनं मनातच भाभींची आणि देवाची माफी मागितली.

खालच्या मजल्यावर नानासो राहायचे. फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांना या पदार्थांची कीव आली. "आवं वैनी, निस्तं खाऊन काय हुतंय? आदी भूक लागाय पायजे. फौजेत आमाला सकाळी पाचला पळवायचे, मग आमी बारा-बारा चपात्या खायाचो. पोरीला ग्राउंडला आणा. आन् तुमी बी या. आईला बघून पोरं शिकत्यात."

रेश्मा नऊवारी नेसत नव्हती एवढंच नशीब. पंजाबी ड्रेसवर ओढणी घट्ट बांधून, 'श्रीराम जय राम' म्हणत ती मैदानाला फेऱ्या मारू लागली. ईश्वरी मात्र अशी जीव तोडून पळायची की नानासो खुश. "ही खरी जवान. बघा, सांगावं लागत न्हाई." रेश्मालाही कौतुक वाटलं. भूक लागावी म्हणून पोरगी किती कष्ट घेतेय! आठवड्यानं दोघींनी नानासोंच्या काट्यावर वजन केलं. रेश्मा दीड किलोनं उतरली होती. ईश्वरी होती तिथंच.

"काटा जुनाय," नानासो म्हणाले. फौजेच्या शिस्तीत काट्यालाच दोष देता येत होता.

मग काटे शोधणं सुरू झालं. किराणा दुकानदारानं तांदळाच्या पोत्याशेजारी ईश्वरीला उभं केलं, तर अठ्ठावीस भरली. त्याच्या काट्याबद्दल वसाहतीत आधीपासूनच कुजबूज होती, ती त्या दिवशी उघड झाली, आणि तो रेश्माशी चार दिवस बोलला नाही. स्टेशनवरच्या यंत्रानं एकतीस दाखवून वर चिठ्ठी दिली, 'प्रवासाचा योग आहे.' शेवटी विश्वजितनं रविवारी पोरीला कारखान्यात नेलं. तिथं लोखंडाचे ओतीव भाग तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता आणि तो खोटं बोलत नाही यावर त्याचा देवासारखा विश्वास. त्यातून छापील पावती आली : 'माल : इतर. नग : १. वजन : २९.६००.'

रेश्मानं ती पावती देव्हाऱ्यात भैरोबाच्या तसबिरीपुढं ठेवली. आठवण म्हणून.

दोन आठवडे झाले, चारशे ग्रॅम सोडा, चार ग्रॅम वाढले नाहीत. डबे रिकामे येत होते, लाडवांचा डबा तळाला गेला होता. रंगुबाईंनी मीठ-मोहरी उतरून टाकली, तरी काही नाही. आता रेश्माला खरी भीती वाटू लागली. खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणजे आत काहीतरी असणार. रात्री पोरगी झोपली की ती तिच्या छातीवर हात ठेवून बघायची. हे तिनं विश्वजितलाही सांगितलं नव्हतं.

सर्टिफिकेटसाठी तिची मोहसीन सरांशी भेट झाली. सर भले माणूस, पण कागदापुढं तेही लाचार. "ताई, शेरा आम्हाला पुसता येत नाही. पथकानं लिहिलाय, पथकानंच पुसायचा."

"मग पथक कधी येतंय?"

"पुढच्या श्रावणात."

सरकारी दवाखान्यात खिडकी क्रमांक दोनवरच्या बाईंनी पत्रिका बघितली आणि सांगितलं, "ही शाळेची आहे. शाळेचं पत्र आणा." शाळेनं पत्र दिलं, तर त्यावर जावक क्रमांक नव्हता. जावक क्रमांक घालणारे गृहस्थ भाच्याच्या लग्नाला गेले होते. ते आले तेव्हा खिडकी क्रमांक दोन बंद होऊन चार झाली होती. या सगळ्यात रेश्माचा आवाज एकदाही चढला नाही. ती प्रत्येक खिडकीशी इतकं हळू बोलायची की आतली माणसं काच सरकवून, कान बाहेर काढून ऐकायची. त्यामुळे कामं लवकर होत नसली तरी तिच्याबद्दल सगळ्यांना आपुलकी वाटू लागली होती. अखेर चार नंबरच्या बाईंनीच सांगितलं, "शनिवारी सकाळी या. मुलांच्या डॉक्टर मॅडम असतात. त्या बघून देतील."

शनिवारी तिथं तीन तास बसावं लागलं. बाकावर बसल्या बसल्या ईश्वरीचा चेहरा पांढरा पडला आणि ती आईच्या खांद्यावर कलंडली. दोन मिनिटांत सावरली, पण तेवढ्यात रेश्मानं ठाऊक असलेल्या सगळ्या देवांना हाका मारून झाल्या होत्या. चार नंबरच्या बाईंनी रांग मोडून दोघींना आत सोडलं.

डॉक्टर तरन्नुम मॅडम वयानं लहानच होत्या. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

ईश्वरीनं आईकडं बघितलं.

"मी थालीपीठ लोण्याबरोबर दिलंय," रेश्मा म्हणाली. "दोन."

"तिला बोलू द्या. काय खाल्लंस, बाळ?"

ईश्वरी जमिनीकडं बघत म्हणाली, "आज शनिवार आहे."

"शनिवार आहे म्हणजे?"

"आई पण धरते."

रेश्माला वाटलं, आपलंच ऐकण्यात काहीतरी चुकतंय. डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "उपवास कशासाठी केलास?"

"ते सांगायचं नसतं."

"मी डॉक्टर आहे. मला चालतं."

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. तीसच्या आत राहायचं होतं. तेहतीसमध्ये विट्याची ती मुलगी होती. थालीपीठ दप्तरातून रुक्सारकडं जात होतं, लाडूसुद्धा, खजूरसुद्धा. पळणं त्यासाठीच होतं. आणि वजन वाढू नये म्हणून भैरोबाला नवस बोलला होता.

"कुठल्या भैरोबाला?" रेश्माच्या तोंडून निघालं.

"आपल्याच. कोरेगावच्या."

रेश्मा खाली बघू लागली. डॉक्टर दोघींकडं आळीपाळीनं बघत होत्या. "तुम्हाला काही सांगायचंय का, ताई?"

"मी पण बोललेय," रेश्मा इतक्या हळू म्हणाली की डॉक्टरांना वाकावं लागलं. "वजन वाढू दे म्हणून."

"त्याच देवाला?"

"त्याच."

डॉक्टर मॅडमनी पेन खाली ठेवलं. हसू दाबताना त्यांना खोकल्याचं निमित्त करावं लागलं. "मग त्यांनी तरी काय करायचं? इतके दिवस काटा हलला नाही, यात नवल नाही."

पण नंतर त्या नीट बोलल्या. मुलगी आजारी नाही. बांधा बारीक आहे आणि उंची भराभर वाढते आहे, त्यामुळे कागदावर वजन मागं दिसतं. तिला लाडवांचा डोंगर नको आणि उपाशी राहणं तर मुळीच नको. वाढत्या वयात चार वेळा साधं जेवण, नऊ तास झोप, मनसोक्त खेळ, आणि रोज उठून काट्यावर उभं करणं बंद. "कुस्ती खेळ, जरूर खेळ. पण तुझं अंग ज्या गटात जाईल त्या गटात खेळायचं. अंगाला उपाशी ठेवून गट गाठायचा नाही. दहा दिवस नीट जेव, मग मी सही करते. आणि ताई, ती तुमच्याकडं बघून शिकते."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. नानासोंनीही तेच म्हटलं होतं, तेव्हा रेश्मा कौतुकानं पळाली होती. आता मात्र रिक्षात तिनं पत्रिका पुन्हा उघडून बघितली. त्या लाल शिक्क्यानं जे दुखावलं होतं, त्यापेक्षा हे खोल गेलं. कारण या वेळी शिक्का खरा होता.

संध्याकाळी नूरजहां भाभींना कळलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग त्यांनी रुक्सारचा कान धरला. "आणि मी म्हणते, पोरीला हवा मानवली." मग मापाची वही काढून रेश्मापुढं धरली. "हे बघ. गुढीपाडव्याला ईश्वरीचा कुर्ता शिवला त्याची उंची, आणि हे परवाचं माप. दोन इंच. पोरगी वरच्या अंगाला निघालीये, आडवी कुठनं होणार? मला आधी विचारलं असतंस तर एवढे काटे फिरायला लागले नसते."

त्या रात्री रेश्मानं साबुदाण्याची वाटी बाजूला सारली. "आत्या, मी शनिवार सोडू का?" तिनं सासूबाईंना विचारलं. "पोरीपुढं ताट ठेवायचं आणि आपण उपाशी बसायचं, म्हणजे ती काय शिकणार? पण मारुतीरायाला एकदा शब्द दिला तो मोडायचा कसा?"

रंगुबाईंनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात केली. "सोडतीस कशाला? लेकराच्या ताटातलं उष्टं आईनं खाल्लं तर त्यो उपास मोडत न्हाई. आमी सा लेकरं अशीच वाढीवली."

"असं कुठं लिहिलंय, आत्या?"

"लिवाय कशाला पायजे? मारुतीला आई न्हवती व्हय?"

रेश्मानं साबुदाण्याची वाटी झाकून ठेवली. अंजनीमाता मध्ये आल्यावर वाद घालायचा कुणाशी? तेव्हापासून उपवासाच्या दिवशी मायलेकींचं एकच ताट वाढलं जाऊ लागलं. आधी ईश्वरी पोटभर जेवायची, मग उरलेलं रेश्मा. पोरगी हुशार. आईला पुरेल इतकं उरावं म्हणून ती ताट जास्त वाढून घ्यायची, आणि मग गप्पांच्या नादात त्यातलं बरंचसं स्वतःच खाऊन बसायची.

दहा दिवसांनी डॉक्टर मॅडमनी सही केली. चार नंबरच्या बाईंनी स्वतः उठून शिक्का मारला. हा शिक्का निळा होता आणि रेश्मानं तो वाळेपर्यंत फुंकर घातली.

स्पर्धेच्या दिवशी, तोही शनिवारच, वजनाच्या टेबलापाशी मुलींची रांग लागली. ईश्वरी काट्यावर चढली. पंचांनी आकडा वाचला, "तीस आठशे. तेहतीसचा गट." ईश्वरी उतरली आणि तिनं काट्याकडं परत एकदा वळून बघितलं. मोहसीन सर काही बोलणार तेवढ्यात रेश्मानं पोरीचा हात धरला. "पोटभर जेवून आलीस ना?"

"हो."

"मग जा. पाठीवर पडलीस तर उठून ये."

विश्वजितनं कारखान्यातून फोन केला. आकडा ऐकून तो आधी खुश झाला आणि मग गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे गूळ एकतीस किलो धरू या. भैरोबाला कमी पडायला नको." नवस आता घरात सगळ्यांना ठाऊक होता.

तेहतीसच्या गटात तिघीच होत्या. मिरजेच्या मुलीला ईश्वरीनं पहिल्या मिनिटातच चितपट केलं. हे तिला स्वतःलाही इतकं अनपेक्षित होतं की ती उठून त्या मुलीला 'लागलं का' विचारत बसली, आणि पंचांना तिला बाजूला करावं लागलं. मग विट्याची आली. रेश्मानं स्तोत्र सुरू केलं, पण दोन ओळींनंतर ते विसरलं आणि आपण गॅलरीच्या कठड्यावर अर्धे ओणवलो आहोत हे तिला सोबत आलेल्या नानासोंनी ओढणी धरून मागं खेचलं तेव्हा कळलं. "वैनी, खाली पडाल. मग तुमचं बी वजन करावं लागंल."

वीस सेकंद गेले. मग एक मिनिट गेलं. ईश्वरी दोनदा खाली गेली, दोनदा पालथी होऊन निसटली, एकदा तर तिनं विट्याच्या मुलीचा पाय असा उचलला की सगळा हॉल 'हां' म्हणाला. शेवटी ती दोन गुणांनी हरली. पण शिट्टी वाजली तेव्हा ती दोन्ही पायांवर उभी होती, आणि विट्याची मुलगी कमरेवर हात ठेवून धापा टाकत तिच्याकडं जरा आदरानंच बघत होती.

रुपेरी पदक गळ्यात घालून ईश्वरी धावत आली. "आई, पुढच्या वर्षी मी हिला पाडणार. तिला पण कळलंय. डब्यात काय आहे?"

दोघी पायऱ्यांवर बसल्या. चपाती, मटकीची उसळ, दही. ईश्वरी अशी जेवत होती की जणू कुस्ती आत्ता सुरू झालीय. रेश्मा बघत राहिली. मग तिला राहवेना.

"आता तर तुझा नवस फळला नाही. आता सांगायला हरकत नाही. काय बोलली होतीस भैरोबाला?"

ईश्वरीनं तोंडातला घास गिळला. "बोलले होते की वजन तीसच्या आत ठेवलंस तर मी आईसारखे सगळे उपवास धरीन. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी. मोठी झाल्यावर पण. जन्मभर."

रेश्माचा हात डब्यावरच थांबला. मग तिनं तो हळूच उचलला, दुसरा त्याला जोडला, आणि कोरेगाव नेमकं कुठल्या बाजूला येतं याचा अंदाज घेत जरा डावीकडं वळून डोळे मिटले.

"कुणाला नमस्कार करतेस?"

"भैरोबाला."

"पण त्यानं माझं ऐकलंच नाही की गं."

"म्हणूनच," रेश्मा म्हणाली, आणि तिनं ईश्वरीला आणखी एक चपाती वाढली.